काल रात्री काय रांधलं होतं?

वकिलातीत मोठ्या हुद्द्यावर पोचलेला एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे, आणि त्याला मी नांदेडच्या मासळी बाजारात मरळ माशाचा कल्ला उघडून वास घेताना पाहिलेलं आहे. मासळी विकणाऱ्या भोयांच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तालुकदारसाहेबांना त्याचं काही नसे. ते मासा नाकाशी धरत, डोळे मिटत आणि बंगालीत काहीतरी पुटपुटत. मग ‘नदी का नहीं, तालाब का है’ असा निकाल देऊन मासा टोपलीत परत ठेवत, आणि दोन पावलं जाऊन मागे येत आणि तोच मासा विकत घेत.

अशरफ तालुकदार हे त्यांचं नाव. ढाक्याच्या एका दैनिकात वार्ताहर होते. तिथे लष्कराचं राज्य आलं, यांनी लिहू नये ते लिहिलं, माणसं पकडायला निघाली आणि हे सीमा ओलांडून आपल्याकडे आले. आता सीमा ओलांडलेला माणूस फार तर कलकत्त्याला थांबेल. हे नांदेडला आले ते आमच्या अण्णांमुळे. अण्णा म्हणजे आमच्या छोट्या पेपरचे मालक, संपादक आणि कागद संपला की मोंढ्यातून रिक्षात रीळ घालून आणणारे हमालसुद्धा. एकाहत्तर साली ते निर्वासितांच्या छावणीत काम करायला गेले होते आणि तिथे एका पोरगेल्या बातमीदाराशी त्यांची दोस्ती झाली होती. निघताना अण्णा त्याला म्हणाले, ‘कधी अडचण आली तर नांदेडला या.’ असं आपण सगळ्यांनाच म्हणतो. हा माणूस खरंच आला.

ते आल्यावर बऱ्याच वर्षांनी मी त्या पेपरात नवी उपसंपादक म्हणून लागले. ऑफिसात बाई मी एकटीच. दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावायची खोड मला जन्मापासूनची, म्हणून तर या धंद्यात आले. त्यामुळे तालुकदारसाहेबांच्या समोरच्या टेबलावर बसायला लागल्यापासून मला एकच ध्यास लागला होता, यांचं नक्की काय झालं, कसे निघाले, मागे कोण आहे. एवढंच कळलं होतं की बारिसालकडच्या एका खेड्यात त्यांची आई आहे, एकटी, आणि तिच्या हयातीत एकदा परत जायचं, एवढी एकच इच्छा धरून हा माणूस दिवस काढतो आहे. पासपोर्ट रद्द झालेला. गेले असते तर विमानतळावरूनच तुरुंगात गेले असते. हे अण्णांनी सांगितलं. साहेबांना विचारलं की ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत बसत आणि आपण काय विचारलं होतं तेच आपण विसरून जावं इतका वेळ पुसत.

मराठी पेपरात बंगाली माणसाला काम काय, हा प्रश्न अण्णांनी आपल्या पद्धतीने सोडवला. एजन्सीच्या इंग्रजी बातम्या साहेब वाचत, हिंदीत मोठ्याने सांगत आणि आम्ही त्या मराठीत उतरवून घेत असू. शिवाय त्यांच्या आडनावाचा एक उपयोग आम्हाला अचानक सापडला. निजामाच्या राज्यात तालुकदार म्हणजे कलेक्टर. कंधारचे एक जुने वर्गणीदार पेपर वेळेवर पोचत नाही म्हणून भांडायला आले होते. ‘हे तालुकदारसाहेब, यांच्याशी बोला,’ असं मी म्हणताच म्हातारबुवा खुर्चीतून उठले, कमरेत वाकून आदाब केला आणि तक्रार न करताच निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी तक्रारीचं टेबल साहेबांच्या शेजारी हलवलं.

परदेशी माणूस म्हणून पोलिसांकडे त्यांची नोंद होती, आणि ते जागेवर आहेत ना हे बघायला शेख जमादार अधूनमधून यायचे. उंच, पोट सुटलेले, मिशीला मेंदी. दारातूनच हाक द्यायचे, ‘साहेब, हायेत का?’

‘हाय,’ साहेब आतून म्हणायचे.

‘मग चाय मागवा. कागदावर काय लिहू, आदमी मौजूद है, चाय पाजली न्हाई?’

दोघं मग तासभर बसायचे. जमादारांना त्यांच्याकडून नद्यांच्या गोष्टी ऐकायला आवडायचं. आमच्या गोदावरीला उन्हाळ्यात पाणी शोधावं लागतं, आणि इथे हा माणूस सांगतो की आमच्याकडे लग्नाची वरात नावेतून जाते, शाळा नावेतून, मयत नावेतून. जमादार ऐकून घ्यायचे आणि जाताना मला हळूच विचारायचे, ‘बाई, खरं असंल का हो हे?’

साहेबांनी आमच्या जेवणाशी जुळवून घेतलं ते अर्धंच. ज्वारीची भाकरी ते भातासारखी खात, म्हणजे चुरून, बारीक करून, वरण ओतून, पाची बोटांनी कालवून. मोहरीच्या तेलावाचून त्यांचे हाल होत. करडईच्या तेलाला वासच नाही, म्हणत. कुणी कलकत्त्याहून येणार असलं की त्यांचा चेहरा बदलायचा. एकदा अण्णांच्या एका मित्राने आणलेली मोहरीच्या तेलाची बाटली त्यांनी टेबलाच्या खणात ठेवली होती. दुपारी कोणी बघत नाही असं वाटलं की खण उघडायचे, बूच काढून वास घ्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. मी बघत होते, हे सांगायला नकोच.

आणि बातमीदार म्हणून त्यांची एक तऱ्हा होती. तिच्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले आहे.

मुदखेडला रेल्वेच्या गँगमनांनी काम बंद ठेवलं होतं. बाकीचे बातमीदार पुढाऱ्याभोवती कोंडाळं करून मागण्या उतरवून घेत होते. साहेब मला घेऊन मागच्या चाळीत गेले. एका दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले आणि विचारलं, ‘बाई, काल रात्री काय रांधलं होतं?’ रांधणं हा शब्द शहरातल्या आम्ही पोरींनी कधीच टाकून दिला होता. साहेबांना तो त्यांच्या भाषेतून ओळखीचा, बाईला तिच्या आजीकडून. ती आधी हसली. मग म्हणाली, ‘काल व्हय? काल काय, आंबाडीची भाजी. परवा बी आंबाडी. दुकानदार आता उधार देऊन न्हाई राहिला, मग रानातली भाजी खुडून आणावं लागतंय.’ त्यानंतर ती अर्धा तास बोलत होती, आणि पुढाऱ्याच्या मागण्यांत नसलेलं सगळं तिने सांगितलं. रजा मागितली की कोणाला काय ऐकावं लागतं, रुळावर पाय गेलेल्या माणसाची बायको आता कुठे धुणी धुते, सगळं.

परतीच्या गाडीत मी त्यांना म्हटलं, ‘साहेब, हे विचारायचं कुठून सुचतं तुम्हाला?’

‘कुंदाआपा,’ ते म्हणाले. मी त्यांच्याहून कितीतरी लहान, पण ते मला आपाच म्हणत. ‘कैसे हो, पुछा तो सब लोग बोलता है, ठीक हूँ. ये सवाल में कोई झूठ नहीं बोल शकता. पकाया तो पकाया, नहीं तो नहीं.’

मग मी हट्टाने विचारलं, ‘आणि तुमच्या घरी? तुम्ही निघालात त्या दिवशी काय रांधलं होतं?’ मला वाटलं, मोठी हुशारी केली. साहेबांनी चष्मा काढला आणि नांदेड येईपर्यंत पुसला.

लातूरकडे भूकंप झाला त्याच्या आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. सकाळी बातमी कळली तेव्हा अण्णांनी जीप काढली आणि साहेबांना, फोटोग्राफरला आणि मला त्यात बसवलं. साहेबांना जिल्हा सोडायचा तर परवानगी लागायची. शेख जमादार स्वतः जीपपाशी आले, म्हणाले, ‘जावा तुम्ही, मी बघतो काय बघायचं ते.’

त्या गावांचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना नको आहे आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते सांगून कळत नाही. दगडमातीच्या जाड भिंतींची घरं होती, एवढं पुरे. आम्ही एका खेड्यात उतरलो तर ड्रायव्हरने हाक मारली, ‘बंगाली साहेब, इकडून या.’ झालं. आपल्या भागात बंगाली म्हटलं की एकच माणूस माहीत, गावोगावी मूळव्याध-भगंदराच्या पाट्या लावून बसणारा बंगाली डॉक्टर. ‘डॉक्टर आले, बंगाली डॉक्टर आले,’ अशी कुजबुज पसरली आणि बघता बघता लोक साहेबांसमोर बसले. कुणाचा हात, कुणाचं डोकं. मी सांगायला पुढे झाले की हे डॉक्टर नाहीत, तेवढ्यात साहेबांनी माझा दंड धरला. ‘मत बोलो,’ म्हणाले. जीपमधला धुतलेल्या कापडाचा गठ्ठा आणि औषधाची बाटली मागवली आणि जखमा धुवायला बसले. लढाईच्या वर्षी छावणीत ते पट्ट्या बांधायला शिकले होते. खरे डॉक्टर ट्रकमधून येईपर्यंत ते मान वर न करता बांधत होते. मोठ्या जखमा ते ओळखायचे आणि त्या माणसांना आधी ट्रककडे पाठवायचे.

त्या ओळीत प्रयागआजी होत्या. कपाळाला खोक पडलेली. उकाडा होतो म्हणून त्या अंगणात बाज टाकून झोपल्या होत्या, म्हणून वाचल्या. घरात त्यांचा मुलगा, सून आणि नातू होते. मुलगा आणि सून जिवंत निघाले होते. आजी रडत नव्हत्या, बोलत नव्हत्या, हाताने पदराचं टोक गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. साहेबांनी त्यांचं कपाळ पुसलं, पट्टी बांधली. मग जमिनीवर बसून विचारलं, ‘आजी, काल रात्री काय रांधलं होतं?’

मला त्यांची लाज वाटली. राग आला. इथे, आज, हा प्रश्न?

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. ‘गव्हाची खीर केल्ती बाबा,’ त्या म्हणाल्या. ‘गनपती बोळवायचं व्हतं. गूळ घालून, खोबरं घालून. पोरगं मिरवनुकीत नाचून नाचून आलं, लई दमलं व्हतं. म्हनलं खा, तर म्हनलं, आजी, आता झोप आली. झाकून ठेव, सकाळी उठून खातो.’

आणि मग त्या रडल्या. साहेबांनी त्यांना रडू दिलं. मी कोणाचंही असं रडणं त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले, आणि आपल्याकडच्या बायकांची रीत बघा, दुःखातसुद्धा समोरच्याची विचारपूस सुटत नाही. म्हणाल्या, ‘अन् तुमच्याकडं? तुमच्याकडं काय रांधलं व्हतं?’

साहेब उठून उभे राहिले. हातातलं कापड तसंच धरून ते जीपपर्यंत चालत गेले आणि चाकाला टेकून खाली बसले. फोटोग्राफरला वाटलं चक्कर आली. मी पाणी नेलं. त्यांनी ते घेतलं नाही. जखमी माणसाच्या समोरून न सांगता उठणारा माणूस तो नव्हता. यात काहीतरी आहे हे मला कळलं, आणि या वेळी विचारायचं धाडस मात्र माझ्यातही उरलं नाही.

त्यानंतर ते त्या गावाला पुन्हापुन्हा गेले. पत्र्याच्या शेडमध्ये वस्ती झाली तेव्हा एका म्हाताऱ्याने त्यांना बाजूला घेऊन मूळव्याधीचं औषध मागितलं. साहेबांनी गंभीरपणे त्याला ताक प्यायला आणि तिखट सोडायला सांगितलं, आणि पुढच्या खेपेला म्हाताऱ्याने गुण आल्याचं सांगून त्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. प्रयागआजींच्या शेडपाशी जाऊन मात्र ते दारातच उभे राहायचे. बरं आहे का, विचारायचे आणि निघायचे. त्यांचा तो नेहमीचा प्रश्न मी तिथे पुन्हा कधी ऐकला नाही.

पुढे अण्णा आजारी पडले, पेपर बंद झाला. माझं लग्न होऊन मी लातूरला आले आणि एका कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला लागले. तेव्हा लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघत होते. बाहेरगावची पोरं एका खोलीत चार-चार राहायची, काहींच्या आया गाव सोडून स्वयंपाकाला येऊन राहायच्या, आणि सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. क्लासचे मालक हणमंतेसर इंग्रजीला आणखी एक माणूस शोधत होते, मी साहेबांचं नाव सुचवलं. शेख जमादारांनी त्यांची नोंद लातूरच्या जमादाराकडे सोपवली. त्यासाठी स्वतः लातूरपर्यंत आले, आणि त्या नव्या जमादाराला दटावून गेले, ‘चाय बिगर शक्कर की देना इनको.’

पत्र्याच्या लांबलचक हॉलमध्ये साहेब शिकवायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ‘माझी आई’ या विषयावर इंग्रजी निबंध लिहायला सांगितला. सगळ्या वर्गाच्या आया उंच, गोऱ्या आणि देवभीरू निघाल्या. मुरुडच्या पोराची आणि उदगीरच्या पोरीची आई शब्दाशब्दाला सारखी. साहेबांनी सगळे कागद परत केले आणि म्हणाले, ‘काल तुमच्या आईने काय रांधलं ते लिहा. आई इथे नसेल तर तिकडे गावात काय रांधलं असेल, ते विचार करून लिहा.’

हणमंतेसर दारात उभे होते. ‘सर, हे परीक्षेला येत न्हाई.’

‘परीक्षेला जे येतं ते पण लिहितील,’ साहेब म्हणाले. त्यांची मराठी तोवर बरीच सुधारली होती. ‘आधी आपली गोष्ट लिहू द्या.’

पोरं लिहायला लागली. चुका ढीगभर, पण कोणाचीही आई दुसऱ्याच्या आईसारखी उरली नाही. त्यात एक गोंधळ झाला. सर पोरांना घरच्या स्वयंपाकाविषयी विचारतात, हे खोल्याखोल्यांतून पसरलं आणि आयांना वाटलं ही तपासणी आहे. एक बाई तर तावातावाने क्लासात आली. ‘माझ्या पोरानं लिहिलं म्हनं, आमच्याकडं रोज पिठलंच असतंय. एक दिस केलं तर केलं. हे बघा,’ असं म्हणून तिने डबा उघडून साहेबांपुढे ठेवला. भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी. साहेबांनी तिथेच बसून खाल्लं आणि छान झालंय म्हणाले. दुसऱ्या दिवशी आणखी तीन डबे आले. त्या वर्षभरात साहेबांचं पोट जमादारांच्या पोटाच्या बरोबरीला आलं. हणमंतेसर वैतागायचे, मग तेही डब्यातला घास घ्यायला लागले.

रविवारी संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जात. तिकडे गावच्या बाजारातल्या एका दुकानात फोन लागायचा आणि भाचा त्यांच्या आईला तिथे घेऊन यायचा. फोन लागेलच असं नसे. लागला तर साहेबांचं बोलणं काचेबाहेर ऐकू यायचं, आणि मला तिथून भाजी घ्यायची असायचीच. ते फार कमी बोलत. ‘हां मा. हां मा. खेयेछि, मा.’ हा शेवटचा शब्द प्रत्येक वेळी यायचा. एकदा मी न राहवून अर्थ विचारला.

‘आई विचारते, जेवलास का. मी सांगतो, जेवलो.’

‘एवढंच?’

‘एवढंच विचारते. इतकी वर्षं.’

एका रविवारी ते बूथमधून बाहेर आले आणि कट्ट्यावर बसले. आईला आता दिसेनासं झालं होतं. दुकानापर्यंत तिला पाठीवर घेऊन यावं लागत होतं. ‘कुंदाआपा,’ ते म्हणाले, ‘मी जाईन तेव्हा ती मला बघणार नाही. पण असली पाहिजे. बस, ती असली पाहिजे.’ एवढं उघड ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. मी शेपूची जुडी हातात धरून त्यांच्या शेजारी बसून राहिले.

त्यांच्या देशात निवडणुका झाल्या, सरकार बदललं आणि साहेबांवरचे जुने खटले काढून घेतल्याची बातमी आली. ते गेले तेव्हा लातूरच्या स्टँडवर क्लासच्या आया डबे घेऊन आल्या होत्या. जमादार नांदेडहून आले होते. गळ्यात पडून म्हणाले, ‘आता कागदावर लिहावं लागंल, आदमी मौजूद नहीं.’

पुढची हकीकत तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. त्यांचा जुना संपादक नव्या सरकारात वजनदार झाला होता. त्याने साहेबांना परदेशातल्या वकिलातीत माहिती अधिकारी म्हणून पाठवलं. मग वरची जागा, मग आणखी वरची. नव्या वर्षाची शुभेच्छापत्रं दर वेळी वेगळ्या देशाच्या तिकिटाची यायची. आईचं काय झालं हे त्यात कधी नसायचं. मीही विचारलं नाही. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटायची.

आणि कितीतरी वर्षांनी, माझे केस पिकल्यावर, एक दिवस फोन आला. ‘कुंदाआपा, मुंबईत आलोय. उद्या लातूरला येतो. प्रयागआजी आहेत का?’

आजी होत्या. नव्वदीच्या घरात, पुनर्वसनाच्या सिमेंटच्या घरात, मुलगा आणि सुनेजवळ.

साहेब काळ्या गाडीतून आले. बंद गळ्याचा कोट, पांढरे केस, चष्मा तोच वाटावा असा. पुढे पोलिसांची जीप. गाडीत मी त्यांना विचारलं, राजदूत करतो तरी काय. ते म्हणाले, ‘जिथे होतो तिथे आमच्याकडचे मजूर फार. कोणी तक्रार करत नाही. पगार मिळतो का, विचारलं तर घाबरून हो म्हणतात. मग मी त्यांच्या खोलीवर जातो आणि विचारतो, काल रात्री काय रांधलं होतं. त्यावरून मला कळतं कोणत्या मालकाला बोलवायचं.’ मी हसले. माणूस बदललेला नव्हता.

आजी दारातल्या बाजेवर पदराचं टोक गुंडाळत बसल्या होत्या. सुनेने कानात सांगितलं, ते बंगाली डॉक्टर आलेत. आजींनी डोळे बारीक करून पाहिलं. ‘लई दिसानं आलास. गुडघं दुखून राहिलेत माझं.’

साहेबांनी बूट काढले आणि खाली जमिनीवर बसले, तेव्हा बसले होते तसेच.

‘आजी, तुम्ही मला एक विचारलं होतं. मी उत्तर न देता उठलो होतो.’

‘काय की बाबा. मला ध्यानात न्हाई.’

‘विचारलं होतं, तुमच्याकडं काय रांधलं होतं.’ ते हळूहळू सांगायला लागले. ‘आमच्याकडे इलिश होता, आजी. नदीचा मासा. मी गावी आलो होतो म्हणून आईने मोहरी वाटून केला होता. मी ताटावर बसणार, तेवढ्यात मित्र आला, म्हणाला, सैनिक येतायत, आत्ता नीघ. आईला सांगितलं असतं तर तिने मला सोडलं नसतं. म्हणून म्हणालो, जरा काम आहे. झाकून ठेव, सकाळी येऊन खातो.’

आजींच्या पदराचं टोक गुंडाळणाऱ्या हाताची हालचाल थांबली. त्यांना आठवलं होतं. सून भिंतीला टेकली. मला इतकी वर्षं जे हवं होतं ते कळलं होतं, आणि मी रडत होते.

‘मग?’ आजी म्हणाल्या. ‘गेलास का माघारी?’

‘गेलो. एकवीस वर्षांनी.’

‘माय व्हती का?’

‘होती. दिसत नव्हतं तिला. माझा चेहरा चाचपला, आणि मग भाच्याला म्हणाली, त्याचं ताट आण. त्या दिवसापासून तिने रोज रात्री एक ताट झाकून ठेवलं होतं. सकाळी ते कोणा गरिबाला द्यायची आणि रात्री पुन्हा वाढायची.’

आजी पुढे वाकल्या. त्यांनी साहेबांच्या मनगटाला धरलं. मला वाटतं तेवढं एकच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

‘खाल्लंस का?’

‘खाल्लं, आजी.’

‘समदं?’

‘सगळं.’

‘बरं केलंस,’ आजी म्हणाल्या. त्यांनी दोनतीनदा मान हलवली, ‘लई बरं केलंस बाबा,’ असं पुन्हा म्हणाल्या आणि सुनेला हाक मारून घरात गहू कांडलेला आहे का ते विचारलं.

पोलिसांची जीप बाहेर उभी होती. मुंबईहून आलेला अधिकारी घड्याळ दाखवत होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. कोट काढून त्यांनी बाजेच्या पायाशी ठेवला, बाह्या वर केल्या आणि खीर शिजेपर्यंत आजींचे गुडघे चोळत बसले.